एकटा प्रवासी आणि गावाचे दार

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



घरच्या मंडळींबरोबर प्रवासाला निघालेला मनुष्य आपले घर बरोबर घेऊनच निघालेला असतो. शिदोरी जवळ असते, बोलायला सोबत असते, सामान राखायला कोणी ना कोणी असते. मुक्कामाला पोहोचेपर्यंत परक्या माणसाशी एक शब्द बोलला नाही तरी त्याचे काही अडत नाही. एकट्याने निघालेल्याची गोष्ट निराळी. पाणी प्यायला उठायचे तर पिशवी शेजारच्या अनोळखी माणसाच्या हवाली करावी लागते. फाटा आला की नाही, हे विचारावे लागते. शेवटची गाडी चुकली तर रात्र कोठे काढावी, याचा सल्ला परक्याकडूनच घ्यावा लागतो. परक्यावर थोडातरी विश्वास टाकल्याशिवाय त्याची एक मजलही पुरी होत नाही. म्हणूनच एकट्याच्या प्रवासात नवी माणसे भेटतात.

ही भेट योगायोगाची असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कोणाला भला माणूस भेटतो, कोणाला नाही. ज्याचे त्याचे नशीब, असे म्हणून विषय संपविला जातो. परंतु थोडा विचार केला तर असे दिसून येईल की, या भेटीमागे एक व्यवस्था असते. बसायला ओटा, प्यायला पाणी, रात्री दिवा आणि विचारले तर उत्तर देणारा एक माणूस, एवढ्या गोष्टी जेथे असतात तेथे परकी माणसे एकमेकांशी बोलू लागतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या ओट्यावर बसण्याची मुभा सर्वांना असावी लागते. ही व्यवस्था महाराष्ट्रात कशी घडत गेली आणि ती पुढे नेण्यात पंचायतीचा व शाळेचा वाटा कोणता, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

जुनी विचारपूस

वाटसरूची विचारपूस करणे हा मराठी मुलुखाचा जुना स्वभाव आहे. पारावर टेकलेल्या परक्या माणसाला 'पाव्हणं कोण गावचं?' असा प्रश्न आल्याशिवाय राहत नसे. अतिथी या शब्दाचा अर्थच मुळी ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही असा लावला जातो. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला रांजण भरून पाणपोई घालणे हे पुण्यकर्म समजले जाई. आळंदीहून पंढरपूरला पायी निघालेला वारकरी घरून एकटा आला असला तरी दिंडीत शिरला की एकटा राहत नाही. शेजारून चालणारी बाई असो की बुवा, तेथे सर्वांना एकच संबोधन, 'माउली'. नाव, गाव, धंदा विचारण्याच्या आधीच नाते जोडणारा असा शब्द मिळणे ही साधी गोष्ट नव्हे.

नर्मदेच्या परिक्रमेचेही असेच आहे. एकटे निघालेले कितीतरी परिक्रमावासी तीरावरच्या गावांनी दिलेल्या सदावर्तावर वर्षानुवर्षे चालत आले. ज्येष्ठ साहित्यिक गो. नी. दांडेकर यांनी या वाटेवरची माणसे 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या कादंबरीतून मराठी वाचकांच्या ओळखीची करून दिली. जवळ काही नसलेल्या वाटसरूला काठावरचे गरीब गाव कसे सामावून घेते, हे त्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

मात्र या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. 'कोण गावचं?' या प्रश्नापाठोपाठ दुसरा प्रश्न येत असे, तो जातीचा. त्याच्या उत्तरावर पाहुण्याची जागा ठरे: कोणाला माजघर, कोणाला ओसरी, तर कोणाला वेशीबाहेरचे झाड. दिंडीत जेवणाच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या बसत, हे समाजशास्त्रज्ञ डॉ. इरावती कर्वे यांनी स्वतः वारीबरोबर चालून लिहून ठेवले आहे. आदरातिथ्य होते, पण ते सर्वांसाठी नव्हते. दोन प्रवासांची उदाहरणे घेतली म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होईल.

दोन प्रवास

पहिला प्रवास आनंदीबाई जोशी यांचा. १८८३ च्या एप्रिलमध्ये, वयाची अठरा वर्षे नुकतीच पुरी झालेली असताना, त्या कलकत्त्याहून अमेरिकेकडे जाणाऱ्या बोटीवर चढल्या. बोटीवर काही मिशनरी स्त्रियांची सोबत होती, पण घरचे कोणी नव्हते. एका हिंदू विवाहितेने वैद्यकी शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा, ही कल्पनाच त्या काळी लोकांना सहन होत नव्हती. निघण्यापूर्वी, फेब्रुवारीत, श्रीरामपूर येथे भाषण करून त्यांनी आपली भूमिका जाहीरपणे मांडली होती. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना उतरवून घेण्यासाठी न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर ही गृहिणी आली होती. दोघींची त्यापूर्वी कधीही भेट झालेली नव्हती. दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना कार्पेंटरबाईंच्या हाती एक मासिक आले. त्यात आनंदीबाईंच्या शिक्षणाविषयीचा पत्रव्यवहार छापलेला होता. तो वाचून त्यांनी पत्र पाठविले, त्याला उत्तर आले आणि हजारो मैलांच्या अंतरावर ओळख जुळली. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पुढल्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा अमेरिकेत पाठविण्यात आली आणि कार्पेंटर कुटुंबाने ती न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. प्रवासात जुळलेली ओळख कोठवर जाऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

दुसरा प्रवास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या बालपणातला. १९०१ सालची ही हकिगत त्यांनी आपल्या आठवणींच्या टिपणात नोंदविली आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या बाराव्या खंडात ती वाचावयास मिळते. वडील कोरेगाव येथे दुष्काळी कामावर नोकरीस होते. त्यांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. वडिलांना पत्र पोहोचले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. अंगावर चांगले कपडे असलेली ही मुले पाहून स्टेशन मास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. मुलांनी आपली जात सांगितली मात्र, मास्तरांचा चेहरा पालटला. भाड्याने गाडी द्यायला कोणी तयार होईना. अखेर दुप्पट भाडे कबूल करून, मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने बरोबर पायी चालावे, असा तोडगा निघाला. शिदोरी होती, परंतु प्यायला पाणी मिळेना. रात्री टोलनाक्यावर, जात लपवूनही, पाणी मागितले तेव्हा तुमच्यासाठी येथे कोणी पाणी भरून ठेवले आहे काय, असे उत्तर मिळाले. मुले भरल्या शिदोरीनिशी उपाशी झोपली.

पुढे परदेशातील उच्च शिक्षण घेऊन, १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी तेच आंबेडकर त्या शहरात एकटे उतरले. त्यांना राहायला जागा मिळाली ती एका पारशी वसतिगृहात, तीही पारशी नाव धारण करून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांना फर्मावण्यात आले. शहरातील परिचितांकडेही आसरा मिळाला नाही. सार्वजनिक बागेत काही तास काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले.

या दोन प्रवासांतील फरक प्रवाशांच्या स्वभावातील नव्हे. मसूरच्या फलाटावरची मुले बोलकी होती, नम्र होती, पैसे देण्यास तयार होती. त्यांच्या आणि परक्या माणसांच्या मध्ये बंद दार होते. माणसे भेटत नाहीत म्हणून प्रवाशाच्या अंगी मनमिळाऊपणा कमी आहे, असा निष्कर्ष काढणे कित्येकदा चुकीचे असते. दार कोणी बंद केले आहे, हे आधी पाहावे लागते.

झाडू घेऊन येणारा पाहुणा

याच काळात विदर्भातील एक गृहस्थ घरदार सोडून १९०५ साली एकटेच निघाले. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगे, हातात झाडू. संत गाडगे महाराज ज्या गावात शिरत तेथे प्रथम गटारे आणि रस्ते झाडीत आणि काम झाल्याशिवाय कोणाच्या घरची भाकरी घेत नसत. रात्री त्याच गावात कीर्तन होई. कीर्तनही कसे, तर श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेणारे. परगावच्या माणसाने गावाशी ओळख कशी करून घ्यावी, याचा हा एक वस्तुपाठ होता. त्यांनी पाहुणचार मागितला नाही. आधी गावासाठी काही केले आणि मग गावाशी बोलले.

वर्षानुवर्षे वाटेवर राहिलेल्या या माणसाला वाटसरूची गरज नेमकी ठाऊक होती. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी मात्र खोपटेही बांधले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपविली. बडोद्याला ज्यांना एक खोली नाकारली गेली होती, त्यांच्याच संस्थेकडे एक धर्मशाळा आली. मुंबईत दादर येथे गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत आज कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. एका चुलीजवळ भेटलेली निरनिराळ्या जिल्ह्यांतली माणसे तेथे एकमेकांच्या औषधपाण्याची काळजी वाहतात.

कायदा आणि एसटीचा बाक

धर्मशाळेचे दार उघडण्याच्या कामी कायद्यानेही हातभार लावला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुल्या असाव्यात, असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडला आणि तो ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. ठराव कागदावर राहू नये म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी हजारो लोकांना ओंजळीत घ्यावे लागले. १९५० साली अमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, रस्ते यांच्या वापरात भेद करण्यास मनाई केली. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली. १९५५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला.

कायद्याने दार उघडले, तरी शेजारी बसण्याची सवय लागावी लागते. महाराष्ट्रात ती लावण्यात एसटीचा मोठा वाटा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर पहिली गाडी धावली आणि पुढे 'गाव तेथे एसटी' हे धोरण ठरले. तिकीट काढलेला प्रत्येक जण रिकाम्या जागेवर बसणार, एवढाच काय तो नियम. पण या साध्या नियमाने जे घडविले ते अनेक उपदेशांनी झाले नसते. सावकार आणि कूळ, शिक्षक आणि शेतमजूर, सासरी निघालेली लेक आणि तालुक्याला निघालेले पुढारी एका बाकावर आले. खिडकी उघडण्यावरून, सुट्या पैशांवरून किंवा पावसावरून सुरू झालेले बोलणे सोयरिकीपर्यंत पोहोचल्याची उदाहरणे गावोगाव ऐकावयास मिळतात.

या संदर्भात मुक्कामी गाडीचा उल्लेख केला पाहिजे. संध्याकाळी शेवटच्या गावी जाऊन थांबणारी आणि पहाटे परत निघणारी ही गाडी खेड्यापाड्यांतील विद्यार्थी, रुग्ण आणि दूध-भाजी विकणारे यांचा आधार आहे. तिचे चालक आणि वाहक हे दोघे दर रात्री परक्या गावात झोपणारे प्रवासीच असतात. त्यांना कोठे अंथरूण टाकायला जागा आहे, दिवा आहे, शौचालय आहे. कोठे मात्र गाडीतच डास मारीत रात्र काढावी लागते. गाव पाहुण्याला कसे वागविते हे पाहायचे असेल तर मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकाची रात्र पाहावी. पंचायतीने एक खोली आणि पाण्याची सोय करून देणे ही फार मोठ्या खर्चाची बाब नाही.

एकटी निघालेली स्त्री

जातीचे दार पुष्कळसे उघडले. त्यापुढचे दार एकट्या स्त्रीचे आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या प्रवासात स्त्रियांना निम्मे भाडे आकारले जाऊ लागले. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ मध्ये मोफत प्रवासाची सवलत मिळाली. भाड्याचा अडसर अशा रीतीने कमी झाला. परंतु स्त्रीच्या प्रवासात तिकिटाखेरीज आणखी पुष्कळ अडचणी असतात. थांब्यावर अंधार असेल, स्वच्छतागृहाला कडी नसेल, चौकशीची खिडकी सातच्या आत बंद होत असेल, तर निम्मे भाडे असूनही ती एकटी निघणार नाही. निघाली तरी कोणाशी बोलणार नाही. कारण बोलण्यासाठी आधी निर्धास्त वाटावे लागते.

'एकटीच आलीस? बरोबर कोणी नाही?' हा प्रश्न पुरुषाला विचारला जात नाही. प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण ऐकणारीला तो पहारा वाटतो. त्याऐवजी 'कोठे जायचे आहे, गाडी किती वाजता आहे?' असे विचारले तर तीच विचारपूस मदत ठरते. नव्याने बदली होऊन आलेली शिक्षिका, आरोग्यसेविका किंवा ग्रामसेविका ही या अर्थाने गावात एकटी आलेली प्रवासीच असते. पहिल्या आठवड्यात गाव तिच्याशी कसे वागते, यावर तिचे पुढील काम अवलंबून असते. राहण्याची खोली शोधून देणारे एक कुटुंब, शाळेची वाट दाखविणारी दोन मुले आणि सरपंचांनी केलेली एक साधी चौकशी, एवढ्यावर कित्येक जणी परक्या गावी स्थिरावतात. हे न मिळाल्यास त्या दुसऱ्या दिवसापासून बदलीचा अर्ज मनात लिहू लागतात आणि नुकसान होते ते गावातल्या मुलांचे.

सावधगिरी आणि सौजन्य

परक्यावर विश्वास टाकावा याचा अर्थ डोळे मिटून चालावे असा नव्हे. परक्याने दिलेले खाद्यपदार्थ खाऊन बेशुद्ध झालेले आणि लुबाडले गेलेले प्रवासी रेल्वेच्या इतिहासात कमी नाहीत. आपला पूर्ण पत्ता, जवळची रक्कम आणि पुढील मुक्काम पहिल्याच भेटीत सांगू नये. घरी एकाला तरी आपला मार्ग कळवून ठेवावा. ओळख वाढवायची ती चार माणसांच्या देखत वाढवावी. अडचणीच्या वेळी रेल्वेत १३९ आणि अन्यत्र ११२ हे क्रमांक उपयोगी पडतात. ते शाळेच्या फलकावर आणि थांब्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेले असावेत.

प्रवाशाकडूनही काही अपेक्षा असतात. परगावी गेल्यावर तेथील चालीरीतींची थट्टा न करणे, परवानगीवाचून छायाचित्र न काढणे, पाणवठा घाण न करणे आणि मिळालेल्या पाहुणचाराची किंमत ओळखणे, हे त्याचे कर्तव्य होय. २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्यामुळे शहरातील माणूस शेतकऱ्याच्या घरी पैसे देऊन पाहुणा होऊ लागला. पैसे दिले म्हणजे सर्व हिशेब पुरा झाला, असे या पाहुण्याने समजू नये. ज्या घरी तो जेवला त्या घरच्या पिकाचे नाव आणि कष्ट त्याला कळले नाहीत, तर तो हॉटेलात राहून आला असेच म्हणावे लागेल.

अलीकडे प्रवासात आणखी एक बदल झाला आहे. रस्ता, वेळापत्रक आणि जेवणाची जागा या सर्वांची उत्तरे हातातल्या मोबाइलवर मिळतात. सोय मोठी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र पूर्वी जे प्रश्न माणसाला विचारावे लागत ते आता विचारले जात नाहीत आणि त्यातून होणारी ओळखही आपोआप होत नाही. म्हणून बसायच्या जागेचे महत्त्व कमी झालेले नाही, उलट वाढले आहे.

पंचायतीला करता येण्याजोगे

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० सालापासून राज्यात राबविले जाऊ लागले आणि अनेक गावांनी आपले रस्ते व शौचालये सुधारली. त्या संताचे नाव घेणाऱ्या गावांनी त्याच्या कार्याची दुसरी बाजूही उचलावी. थांब्यावर सावली, बाक आणि दिवा असावा. कडी लागणारे स्वच्छतागृह आणि झाकण असलेला पाण्याचा रांजण असावा. गाड्यांच्या वेळा, दवाखाना, शाळा व पोलीस ठाणे यांची माहिती देणारा फलक असावा. मुक्कामाची वेळ आलेल्या प्रवाशासाठी समाजमंदिरात एखादी खोली आणि तिची किल्ली कोणाकडे मिळेल याची नोंद असावी. त्या खोलीचे दार उघडताना जात, धर्म किंवा 'बरोबर कोण आहे' हे विचारले जाऊ नये.

शिक्षकांकडे याहून नाजूक काम आहे. परक्या माणसाने वाट विचारली असता ती नीट सांगता येणे, हे एक शिक्षण आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांनी आपल्या गावाचा नकाशा काढावा, त्यात थांबा, विहीर व दवाखाना दाखवावा आणि पाहुण्याला तो समजावून सांगण्याचा सराव करावा. परीक्षेत याला गुण मिळणार नाहीत. परंतु गावात येणाऱ्या एकट्या माणसाला पहिला भेटणारा बहुधा एखादा शाळकरी मुलगा किंवा मुलगीच असते.

मसूरच्या फलाटावर त्या दिवशी पैसे होते, गाड्या होत्या, पाणीही होते. ते सर्व देणारा हात तेवढा नव्हता. आज महाराष्ट्रातील प्रत्येक थांब्यावर कोणी ना कोणी एकटा उतरत असतो. कोणी परीक्षेला आलेला, कोणी रुग्णालयात निघालेला, कोणी पहिल्या नोकरीवर रुजू व्हायला आलेला. त्याला पाणी, दिवा आणि बसायला जागा मिळावी, आणि ती देताना त्याला एकच प्रश्न विचारला जावा: कोठे जायचे आहे?